तळटीप : ‘कळवळा आला’

लूककृत शुभवर्तमानातील शोमरोन्याच्या दृष्टान्तात (१०:३३) आलेले मूळ ग्रीक क्रियापद ‘आतडी’ या अर्थाच्या नामावरून बनले आहे. आपला ‘आतडे तुटणे’ हा वाक्प्रचार त्याच्या अगदी जवळचा. लूकने ते तीनदाच वापरले आहे : नाईनची विधवा (७:१३), हा शोमरोनी आणि उधळ्या मुलाचा बाप (१५:२०). तिन्ही ठिकाणी आधी पाहणे, मग कळवळा आणि लगोलग कृती, हाच क्रम दिसतो. तिरडीला हात लागतो, जखमा बांधल्या जातात, बाप धावत सुटतो. म्हणून कळवळा ही नुसती भावना मानणे मूळ संहितेला सोडून होईल. दृष्टान्तातील याजक व लेवी यांनीही जखमीला पाहिले होतेच, पण ते थांबले नाहीत. त्यांच्या बचावासाठी प्रेताच्या विटाळाचा नियम (लेवीय २१) पुढे केला जातो. पण हा माणूस मेलेला नव्हता, आणि याजक यरुशलेमेहून खाली उतरत होता, मंदिराकडे जात नव्हता. मग कृतीच महत्त्वाची असेल, तर शास्त्रश्रवण गौण ठरते काय? मुळीच नाही. दृष्टान्ताआधी येशूला प्रश्न विचारणारा शास्त्री अनुवाद ६:५ व लेवीय १९:१८ यांतील आज्ञा अचूक सांगतो आणि येशू त्याचे उत्तर बरोबर ठरवतो. उणीव ज्ञानाची नाही, ऐकणे अर्ध्यावर सोडण्याची आहे. हिब्रू ‘शमा’ या धातूत ऐकणे आणि तसे वागणे हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीतही ‘त्याने माझे ऐकले’ म्हणजे सांगितले तसे केले. वचन दुखावलेल्या देहापर्यंत पोहोचते, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने ऐकलेले असते. — संपादक