झाडाला हृदय असते का?

वनस्पतींचा धडा शिकवताना दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, माणसाचे रक्त हृदय ढकलते, मग झाडातले पाणी शेंड्यापर्यंत कोण ढकलते?" प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर पक्के व्हायला जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

सतराव्या शतकात इटलीतील माल्पीघी यांनी खोडाची साल कडीसारखी काढून पाहिली. कापाच्या वरचा भाग फुगला. पानांत तयार झालेली साखर सालीतल्या रसवाहिन्यांतून खाली येते, ती तेथे अडली होती. पाण्याची वाट वेगळी, आतल्या लाकडातली. १७२४ साली स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने कुंडीतले सूर्यफूल रोज तोलून पानांवाटे किती पाणी उडून जाते ते मोजले. १८९१ मध्ये बॉनच्या स्ट्रासबुर्गर यांनी कापलेली झाडे विषारी द्रावणात उभी केली. पेशी मेल्या, तरी द्रावण वर चढतच राहिले! १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी उलगडा केला : पाणी खालून कोणी ढकलत नाही. पानांतून वाफ उडते, तिच्या ओढीने पाण्याची अखंड दोरी वर खेचली जाते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून दोरी तुटत नाही.

आपल्या जगदीशचंद्र बोसांना हे पटले नाही. खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन पावून पाणी चढवतात, असे त्यांनी १९२३ च्या ग्रंथात मांडले. म्हणजे झाडाला जणू हृदयच! गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार ठरला म्हणून तीन वर्षे पगारच न घेणारा हा मानी माणूस. साहजिकच, तरुणपणी मला वाटे, त्यांना विरोध झाला तो केवळ ते हिंदी म्हणून. पण १९६५ साली शोलँडर यांनी झाडातल्या पाण्यावरचा ताण प्रत्यक्ष मोजून दाखवला, आणि कौल डिक्सनच्या बाजूने गेला.

याने बोस लहान होत नाहीत. त्यांचे विद्युतलहरींवरचे काम आणि वनस्पतींतील विद्युतसंदेशांचा शोध आजही मानाने सांगितला जातो. मात्र आपला म्हणून सारे बरोबर आणि परका म्हणून सारे चूक, हा हिशेब विज्ञानात चालत नाही. दोन भाषांच्या शिवेवर राहणाऱ्या आपल्याला तर तो घरातही परवडत नाही.

म्हणून आता मी त्या मुलाला सांगतो, "बाळ, झाडाला हृदय नाही." आणि मग बोसांची गोष्टही सांगतो, पूर्ण.