थेरपी सुरू करण्याआधी काय विचाराल?

सापगाव, शहापूर किंवा मुरबाडहून थेरपीसाठी ठाणे-कल्याण गाठायचे, तर फीबरोबर प्रवासखर्च आणि बुडणारी रोजंदारीही धरावी लागते. म्हणून आधी फोनवरच विचारा: एका सत्राची फी किती, वेळ किती (साधारण 45 ते 60 मिनिटे), ऐनवेळी जाता आले नाही तर पैसे लागतात का, ऑनलाइन सत्र मिळेल का?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. औषधे मात्र मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तर अपवाद.

आत्महत्येचे विचार येत असतील, तर पहिल्या सत्राची वाट पाहू नका. ‘टेली-मानस’च्या 14416 क्रमांकावर 24 तास, मोफत आणि मराठीतही बोलता येते.