गणनेची गती आणि ध्वनीची शुद्धता

संगणकाची गती वाढविली अथवा वीज वाचविण्याची योजना बंद केली, की त्यावरील संगीत अधिक मधुर होते, असा समज काही श्रोत्यांत रूढ आहे. या समजाचा विचार इतिहासाच्या आधारे करणे उद्बोधक ठरेल.

१९५१ साली सिडनी येथे सीएसआयआर मार्क १ या संगणकावर काही लोकप्रिय चाली वाजविण्यात आल्या. त्यांची आज्ञावली जेफ हिल यांनी रचिली होती. यंत्र ध्वनिक्षेपकाला थेट स्पंद देई व दोन स्पंदांतील कालावधीवर स्वर ठरे. परंतु या यंत्राची स्मृती पाऱ्याच्या नळ्यांतून फिरणाऱ्या तरंगांची असल्याने, हवा तो अंक हाती येण्यास लागणारा वेळ त्याच्या स्थानाप्रमाणे बदले. हिशेब चुकला की स्वर ढळे. येथे यंत्राची चाल हाच ध्वनीचा दर्जा होता.

१९५७ साली बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज यांनी ही गाठ सोडविली. न्यूमन गटमन यांच्या सतरा सेकंदांच्या रचनेचे नमुने न्यूयॉर्कमधील आयबीएम ७०४ वर तयार झाले. गणनेस वादनाहून कितीतरी अधिक वेळ लागे. म्हणून ते चुंबकीय फितीवर साठवून न्यू जर्सीत आणीत व तेथे रूपांतरकातून समगतीने वाजवीत. गणना मंद असूनही स्वर अढळ राहिला.

आजच्या संगणकातील 'बफर' हे त्या फितीचेच लघुरूप होय. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचे प्रमाण दर सेकंदास ४४,१०० नमुने असे आहे. त्या मानाने ५१२ नमुन्यांचा साठा सुमारे ११.६ मिलिसेकंद पुरतो. तेवढ्यात पुढील साठा न भरल्यास ध्वनी तुटतो. विश्रांतीतून उशिरा जागा होणारा प्रोसेसर अशी तूट घडवू शकतो. साठा वाढविल्यास ती टळते. मात्र वादकाला आपला स्वर उशिरा ऐकू येतो. २००७ साली सर्वत्र विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टाने ध्वनीच्या कामास अग्रक्रम दिला. पण त्यासाठी ध्वनी वाजत असता नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीस मिलिसेकंदास दहा पाकिटांची मर्यादा घातल्याने वेगवान जोडण्या मंदावल्या.

यावरून असे दिसते की, नमुने वेळेवर पोहोचले तर गतीच्या वाढीने त्यांत काहीच भर पडत नाही. स्वराचा काल रूपांतरकाचे घड्याळ ठरविते. यंत्रातील विद्युत् खरखर ध्वनिमार्गात शिरू शकते, हे खरे. परंतु तो जोडणीचा व बांधणीचा प्रश्न आहे. गतीची योजना सातत्य राखते, माधुर्य निर्माण करीत नाही.