मॅनिफोल्डची अदलाबदल : यवतमाळच्या गॅरेजांतला एक अलिखित इतिहास

चार वर्षांपूर्वी यवतमाळात आर्णी रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडे मला ॲल्युमिनियमचा एक इनटेक मॅनिफोल्ड मिळाला. बाहेरची हवा चार सिलिंडरांत वाटून देणारं हे चार फाट्यांचं नळकांडं. त्यावरचं एक भोक वेल्डिंगने बुजवलेलं होतं आणि दुसरीकडे नवं भोक पाडून पितळी निपल बसवलेली होती. कारखान्यात असं काम होत नाही. मी इंजिनिअर नाही. जुनी दप्तरं चाळायची सवय तेवढी आहे. या भोकांचा अर्थ मात्र कोणत्याही दप्तरात सापडेना.

आपल्याकडच्या डिझेल गाड्यांची वंशावळ त्यांच्या आकड्यांत लिहिलेली आहे. 1954 साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला सुरुवात केली. पुढे टाटांच्या इंजिनांना जी नावं मिळाली त्यांत पहिला आकडा सिलिंडरांचा आणि नंतरचे दोन सिलिंडरच्या व्यासाचे. 697 म्हणजे सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर. 407 मधलं 497 म्हणजे त्याच व्यासाचे चार. 1994 च्या सुमोत 483 होतं, 1948 सीसीचं, टर्बो नसलेलं. 1998 ला सफारी आली तेव्हा इंजिन त्याच घराण्यातलं, तितक्याच सीसीचं. पण टर्बो आणि इंटरकूलर लावलेलं, आणि ताकद सुमारे एक तृतीयांशाने जास्त. टर्बो काही नवा नव्हता. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी याने त्याचं पेटंट 1905 सालीच घेतलं होतं. आपल्या रस्त्यांवर तो सर्रास दिसू लागला तो 2000 नंतर, धुराचे नियम कडक होत गेले तेव्हा.

एकाच घराण्यातली दोन इंजिनं, एक साधं, एक टर्बो. मिस्त्रीच्या मनात विचार येणारच. पुसदच्या बाजूचे घाट, भर उन्हाळा, काळी-पिवळीत कोंबलेली दहा-बारा माणसं. साधी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकायची. अपघातातल्या गाडीचा टर्बो स्वस्तात मिळाला की तो चढवायचा मोह व्हायचा. उलटही व्हायचं. ड्रायव्हर घाट चढून आला की चहाच्या टपरीवर थेट चावी बंद करायचा. लालबुंद टर्बोतलं ऑईल तिथल्या तिथे जळून कोळसा व्हायचं, बेअरिंग जायचं. नवा टर्बो परवडत नसे. मग ऑईलची नळी बंद करून टर्बोच काढून टाकायचा आणि साध्या इंजिनाचे मॅनिफोल्ड बसवायचे.

अशी कामं केलेल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे मी बरेच रविवार बसलो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "भाऊ, बोल्ट बसला म्हंजे काम झालं असं नाई. साधं इंजिन हवा वढते, टर्बो हवा कोंबते. तिथंच लोक फसले."

ते कसे फसले, हाच या इतिहासाचा गाभा आहे. साध्या इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमीच असतो. टर्बो लागला की तो कितीतरी वाढतो. साधं गॅस्केट फुंकलं जातं, रबरी होज क्लिपमधून निसटतो. काही जुन्या डिझेल इंजिनांत पंपाचा गव्हर्नरच मॅनिफोल्डमधल्या ओढीवर चालायचा. तिथे दाब आला की गव्हर्नरचा ताबा सुटलाच. शिवाय साध्या इंजिनाच्या पिस्टनला जास्तीची उष्णता सोसेलच असं नाही. उलट दिशेने, टर्बो काढलेल्या इंजिनात हवा कमी आणि डिझेल पूर्वीइतकंच. काळा धूर आणि थंडीत सकाळी धक्का. पंपाची सेटिंग कमी केली तरी कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेलं, ते कुठून वाढणार?

हे ज्ञान चुकांतून आलं, आणि चुकांची किंमत गाडीमालकांनी मोजली, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या गॅरेजांचं फार कौतुक करणारे लेख मी वाचले आहेत. त्यांत बसलेली इंजिनं दिसत नाहीत. तरीही या माणसांनी दाब, उष्णता आणि इंधनाचा हिशेब हातांनी शिकून घेतला होता, आणि त्याची एक ओळही कुठे नोंदलेली नाही. पुरावा होता तो गाड्यांतच. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली. खासगी जुन्या गाड्याही भंगारात निघतात, आणि ॲल्युमिनियमला भाव असल्यामुळे मॅनिफोल्ड सगळ्यात आधी भट्टीत जातात.

माझा मॅनिफोल्ड मी शेवटी त्या मिस्त्रींसमोर ठेवला. त्यांनी तो फिरवून पाहिला, बुजवलेल्या भोकावर अंगठा ठेवला. हे ब्रीदरचं, म्हणाले. साध्या इंजिनात क्रँककेसमधली वाफ इथून आत ओढली जाते. टर्बो लावल्यावर हे उघडं राहिलं तर दाब उलटा चेंबरमध्ये शिरतो, सील फुटतात, डिपस्टिकच्या नळीतून ऑईल उडतं. आणि निपल? ती पंपाच्या डोक्यावरच्या डायफ्रामला दाब पोचवायला, म्हणजे हवा वाढेल तेव्हाच डिझेल वाढेल.

म्हणजे हे नळकांडं साध्या गाडीचं, टर्बोसाठी तयार केलेलं. कोणी केलं हे विचारलं, तर वेल्डिंगची रेघ नखाने चाचपत ते म्हणाले, "माह्या हातचं नाई. पण ज्यानं केलं त्याले समजलं होतं."

तो मॅनिफोल्ड आता माझ्या कपाटात, जिल्हा गॅझेटिअरच्या शेजारी ठेवला आहे.