राजगिऱ्याचा लाल : जुन्या मोटारसायकलचा मूळ रंग ओळखायचा कसा?



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या माणसाला मोटारसायकलच्या रंगातलं काय कळणार? प्रश्न रास्त आहे. मी रंगारी नाही आणि मेकॅनिकही नाही. पण ‘हा गाडीचा मूळ रंग आहे’ असं जेव्हा कुणी म्हणतो, तेव्हा तो एक दावा करत असतो. आणि दाव्याला पुरावा काय, हे विचारणं हा तर आमचा धंदाच आहे. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जुन्या गाडीचा रंग शोधताना ही चारही कामाला लागतात आणि चौघांच्याही मर्यादा उघड्या पडतात. आज ते इतिहासाच्या आधाराने बघू.

सुरुवात काळ्यापासून करू. मोटारसायकल ही सायकलीच्या कारखान्यातून जन्मली आणि तिथलीच रंगाची रीत घेऊन आली. लोखंडी सांगाडा ‘जपान ब्लॅक’मध्ये बुडवायचा आणि भट्टीत भाजायचा. डांबरासारखं अस्फाल्ट, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं ते मिश्रण. जपानी लाखकामाची युरोपने केलेली नक्कल, म्हणून नाव जपान. स्वस्त आणि टणक. फोर्डची मॉडेल टी मोटार १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळी मिळायची, हे आपण ऐकलेलं असतं. दुसऱ्या टोकाला घोडागाड्यांचे रंग होते. सुंदर दिसायचे, पण हाताने थरावर थर द्यायचे आणि वाळायला काही आठवडे लागायचे.

यातून सुटका केली ती युद्धाने. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी नायट्रोसेल्युलोज प्रचंड प्रमाणावर तयार होत होतं. युद्ध संपल्यावर ड्यू पाँ कंपनीने त्याच रसायनातून लवकर वाळणारा, फवारता येणारा रंग काढला. त्याचं नाव ‘ड्युको’. १९२३-२४ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या त्या रंगाने निळ्या होऊन बाहेर पडल्या. आणि आपल्याकडे आजही सुतार विचारतो, ‘साहेब, कपाटाला ड्युको मारायचा का?’ एका कंपनीचं नाव सामान्यनाम होऊन आपल्या दिवाणखान्यात येऊन बसलंय.

पुढची गंमत बघा. अमेरिकेत स्प्रिंगफील्डला १९०१ पासून ‘इंडियन’ नावाच्या मोटारसायकली बनत होत्या. इंडियन म्हणजे आपण नव्हे, तिथले मूळ रहिवासी. सुरुवातीच्या इंडियन गडद निळ्या होत्या, लाल ही ओळख नंतरची. १९३० मध्ये या कंपनीचा ताबा ई. पॉल ड्यू पाँ यांच्याकडे गेला. म्हणजे रंगवाल्यांच्या घराण्याकडेच मोटारसायकल आली! परिणाम काय, तर १९३४ मध्ये इंडियन २४ रंगपर्यायांत मिळू लागली. आता ‘या गाडीचा मूळ रंग कोणता’ हा प्रश्न अवघड झाला. काळ्या गाडीला तो कुणी विचारत नव्हतं.

आता आपल्या मुख्य उदाहरणाकडे येऊ. इंग्लंडमधलं कोव्हेंट्री, ट्रायम्फ कंपनी, संकल्पक एडवर्ड टर्नर. १९३८ सालचं मॉडेल म्हणून त्यांनी ‘स्पीड ट्विन’ आणली. ४९८ सीसी, दोन सिलिंडर शेजारीशेजारी, किंमत ७५ पौंड. इंजिन तर क्रांतिकारक होतंच, पण रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत भरला तो रंग. टाकीवर क्रोम आणि त्यात लाल पट्टे, सोनेरी रेघ. शिवाय सांगाडा, पुढचे फोर्क, मडगार्ड, सगळं एकाच गडद लाल रंगात. त्या रंगाचं नाव ‘अ‍ॅमरॅन्थ रेड’.

अ‍ॅमरॅन्थ म्हणजे काय? आपला राजगिरा, लाल माठ. माठाची भाजी शिजवल्यावर ताटात जो किंचित जांभळट लाल ओघळ येतो, तो डोळ्यासमोर आणा. आता न्यायशास्त्रातलं उपमानाचं ठरलेलं उदाहरण आठवा. गवय नावाचा प्राणी कधी न पाहिलेल्या माणसाला सांगतात, ‘तो गाईसारखा असतो’. मग रानात तसा प्राणी दिसला की त्याला कळतं, गवय तो हाच. रंगांची नावंही अशीच चालतात. राजगिऱ्यासारखा, मोरपंखी, आमसुली, डाळिंबी. उपमान आपल्याला दारापर्यंत नेऊन सोडतं. पण रंगाच्या दुकानात दार पुरत नाही. ‘राजगिऱ्यासारख्या’ लालांत शंभर छटा बसतील, आणि आज तेच नाव लावलेले दोन कंपन्यांचे डबे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. कधीकधी तर नाव सरळ दिशाभूल करतं. ‘इंडियन रेड’ नावाचं चित्रकारांचं रंगद्रव्य खरोखर भारतातल्या लोहयुक्त मातीवरून, आपल्या गेरूच्या जातीवरून आलेलं. ते वेगळं आणि इंडियन मोटारसायकलचा लाल वेगळा.

आणखी एक. अ‍ॅमरॅन्थ हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ, न कोमेजणारं. फुलाला शोभतं. रंगाला मात्र ते नाव निभावता आलं नाही, कारण रंग कोमेजतोच.

मग शब्दप्रमाणाकडे जाऊ, म्हणजे आप्तवाक्याकडे. या बाबतीत आप्त कोण? कारखाना. पण १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कोव्हेंट्रीवर बाँबहल्ला केला. ट्रायम्फचा कारखाना उद्ध्वस्त झाला, त्यात आराखडे आणि कागदपत्रंही गेली. आप्तच जळाला म्हणा ना. उत्पादन पुढे १९४२ मध्ये मेरिडेनला नव्या जागेत सुरू झालं.

विक्रीची माहितीपत्रकं उरली आहेत, पण छापील चित्रातला लाल हा छपाईच्या शाईचा लाल असतो, गाडीचा नव्हे. त्यावरून डबा मागवणं म्हणजे लग्नपत्रिकेवरून नवरदेवाची उंची ठरवणं. आता तुम्ही म्हणाल, रंगांना क्रमांक असतात की! असतात. अल्बर्ट मुन्सेलने १९०५ मध्ये रंगांच्या नोंदीची पद्धत मांडली. जर्मनीत १९२७ मध्ये ४० रंगांनी ‘राल’ची सूची सुरू झाली. १९३१ मध्ये प्रकाश आणि पाहणारा डोळा या दोघांचीही प्रमाणं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. पण या सूचींतला क्रमांक तुमच्या गाडीला आज कुणीतरी ‘जवळचा’ म्हणून लावलेला असेल, तर तो कारखान्याचा शब्द नव्हे. ते दुसऱ्याचं अनुमान आहे. आप्तवाक्य म्हणून ते घेऊ नका.

राहिलं प्रत्यक्ष. गाडीवरच रंग आहे, बघा की! पण काय बघणार? उन्हाने उडालेला, तेलाने पिवळटलेला, पुसून पुसून झिजलेला. म्हणून जाणकार माणूस उघड्या भागाकडे बघतच नाही. ऊन जिथे पोचलं नाही तिथे तो शोधतो. टाकीचं बूड, गुडघ्याच्या रबराखाली, बिल्ल्यामागे, सीटखालचा सांगाडा, हत्यारांच्या पेटीचं आतलं अंग, क्लॅम्पच्या खालची पट्टी.

तिथेही लगेच विश्वास ठेवायचा नाही. तो थर पहिला कशावरून? आडोशाच्या जागी थिनरने ओलं केलेलं फडकं टेकवायचं. रंग फडक्यावर उतरला, तर तो बहुधा गॅरेजमध्ये नंतर मारलेला नायट्रोसेल्युलोज. भट्टीत भाजलेला रंग सहसा उतरत नाही. मात्र अलीकडचा हार्डनर घातलेला रंगही उतरत नाही, त्यामुळे ही परीक्षा एकतर्फी आहे. तिच्यापेक्षा चांगली रीत म्हणजे बारीक पॉलिशपेपर, पाणी आणि संयम. नाण्याएवढ्या जागेत हलक्या हाताने गोल घासत जायचं. झाडाच्या खोडातल्यासारखी वर्तुळं दिसू लागतात. वरचा निळा, त्याखाली काळा, मग लाल, मग प्रायमर, मग लोखंड. गाडीने आयुष्यभर नेसलेली सगळी वस्त्रं तिथे दिसतात. घासताना पाणी वापरायचं, तोंडाला मास्क बांधायचा, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

इथे एक घरातला अनुभव सांगतो. माझ्या थोरल्या भावाची जावा होती, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. १९६१ पासून तिथे गाड्या बनत होत्या, १९९६ मध्ये तो बंद पडला. म्हणजे तिथेही आता विचारायला कुणी नाही. भाऊ गेल्यावर पुतण्याने गाडी रंगवायला काढली. वहिनी म्हणाल्या, ‘रंग पिकल्या जांभळासारखा होता.’ टाकीवर होता तो विटकरीकडे झुकलेला. रंगारी म्हणाला, ‘काका, मरून म्हणजे मरून, डबा आणतो.’ शेवटी पेटीच्या झाकणामागे तळहाताएवढा चकचकीत भाग सापडला. तो जांभळट नव्हता आणि विटकरीही नव्हता. त्यावरून पत्र्याचा नमुना फवारून घेतला आणि वहिनींना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘मला असा आठवत नाही. पण असेल.’

नैयायिक स्मृतीला प्रमाण मानत नाहीत. ती पूर्वीच्या अनुभवावर जगते, स्वतः नवं काही दाखवत नाही. रंगाच्या बाबतीत ते पटतं. पण म्हणून वहिनींची आठवण खोटी ठरत नाही. ती पत्र्यावरच्या रंगाबद्दल नव्हतीच. ती संध्याकाळी दारात येऊन थांबणाऱ्या गाडीबद्दल होती, पिवळ्या बल्बच्या उजेडातल्या.

आणि उजेड हा मुद्दा साधा नाही. दोन नमुने उन्हात अगदी एकसारखे दिसतात आणि ट्यूबलाइटखाली वेगळे. याला मेटॅमेरिझम म्हणतात. कारण असं, की दोन्हींत रंगद्रव्यं निराळी असतात. डोळा फक्त बेरीज बघतो, आतल्या रकमा बघत नाही. जुन्या मिश्रणातली काही रंगद्रव्यं, विशेषतः शिशाची, आता सहज वापरली जात नाहीत. तेव्हा आजचं जुळणं हे बहुतेक वेळा बेरजेचं जुळणं असतं. स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रत्येक तरंगलांबीचा हिशेब देतो, म्हणून तो डोळ्यापेक्षा प्रामाणिक. पण तोही समोर ठेवलेल्या तुकड्याचंच मोजमाप करतो. तुकडा विटलेला असेल, तर विटलेलाच रंग चार दशांशांपर्यंत अचूक सांगेल!

म्हणून अनुमान लागतं. झाकलेला भाग एवढा, उघडा एवढा, प्रायमर तांबडा की करडा, कारण पातळ लालाखालून प्रायमर डोकावतो. १९६९ च्या होंडा सीबी ७५० चे ‘कँडी’ रंग घ्या. खाली सोनेरी किंवा चंदेरी चमकीचा थर, वर पारदर्शक रंगीत थर. वरचे हात किती फिरले यावर छटा ठरते. एक हात जास्त झाला की रंग गडद. तिथे ‘रंगाचा क्रमांक’ म्हणजे अर्धीच गोष्ट, उरलेली अर्धी फवारणाऱ्याच्या मनगटात. म्हणून नमुन्याचा पत्रा आधी फवारावा, पूर्ण वाळू द्यावा आणि सकाळी, दुपारी, सावलीत, दिव्याखाली असा चार वेळा बघावा. डब्यातला ओला रंग बघून कधीही निर्णय घेऊ नये.

आता शेवटचा आणि माझ्या आवडीचा मुद्दा. कच्चं मडकं काळपट असतं, भट्टीतून लाल होऊन येतं. मडकं तेच का? वैशेषिक म्हणाले, नाही. उष्णतेने मडकं परमाणूंपर्यंत सुटतं, परमाणूंचा रंग बदलतो आणि त्यांतून नवं मडकं घडतं. हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणाले, मडकं शाबूत राहतं, ‘हे तेच’ असं आपण ओळखतो ना! रंग तेवढा बदलतो. हा पिठरपाकवाद. भट्टीत भाजलेल्या रंगाच्या गाडीला हा वाद किती चपखल बसतो बघा.

मी इथे नैयायिकांच्या बाजूचा आहे. गाडी हिरवी रंगवली तरी ती तीच गाडी राहते. मग मूळ रंगासाठी एवढा खटाटोप का? कारण प्रश्न गाडीच्या ओळखीचा नाही, तिच्या साक्षीचा आहे. अमुक साली अमुक कारखान्यात माणसांनी काय केलं, याचा तो रंग पुरावा आहे. जुळवलेला रंग कितीही उत्तम असला, तरी ते आपलं विधान असतं. जुना थर ही वस्तूची स्वतःची साक्ष. साक्षीदाराला मारून त्याची जबानी आपल्या अक्षरात लिहिणं, याला पुनरुज्जीवन कसं म्हणायचं?

जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. तिचा गाभा हाच : आधी जतन, मग दुरुस्ती, आणि जे केलं त्याची नोंद. म्हणून माझी विनंती छोटी आहे. पॉलिशपेपर हातात घेण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात फोटो काढा. टाकीच्या बुडाशी किंवा पेटीच्या झाकणामागे तळहाताएवढा जुना रंग तसाच राहू द्या. नव्या मिश्रणाचं प्रमाण आणि तारीख कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पन्नास वर्षांनी कुणी तुमच्यापेक्षा चांगलं यंत्र घेऊन येईल, तेव्हा त्याला बघायला काहीतरी उरलेलं असावं.

पुतण्याने ते झाकण तसंच ठेवलंय. बाकी गाडी नवी दिसते.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.