डिफायन्स (चित्रपट)

डिफायन्स हा २००८ साली प्रदर्शित झालेला, एडवर्ड झ्विक दिग्दर्शित इंग्रजी युद्धपट आहे. तो समाजशास्त्रज्ञ नेहामा टेक यांच्या १९९३ सालच्या ग्रंथावर आधारित असून टेक स्वतः होलोकॉस्टमधून बचावलेल्या होत्या.

कथानक
१९४१ मध्ये जर्मन सैन्य आजच्या बेलारूसचा प्रदेश व्यापते. आई-वडिलांच्या हत्येनंतर तुविया (डॅनियल क्रेग), झुस (लीव्ह श्रायबर), असाएल (जेमी बेल) आणि आरोन (जॉर्ज मॅके) हे बिएल्स्की बंधू अरण्याचा आश्रय घेतात. जीव वाचवून आलेल्या ज्यूंना तुविया सामावून घेतो, तर झुस सोव्हिएत गनिमी सैनिकांना जाऊन मिळतो. शत्रूला मारावे की आपल्या माणसांना जगवावे, हा त्यांच्यातील वाद चित्रपटाचा गाभा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
शस्त्र धरू न शकणाऱ्या वृद्ध, स्त्रिया व मुलांनाही प्रवेश देणे हे या गटाचे वेगळेपण होते. नालिबोकी अरण्यातील त्यांच्या तळावर पिठाची गिरणी, बेकरी, शाळा व कारागिरांच्या कार्यशाळा होत्या. १९४४ च्या उन्हाळ्यात तेथून सुमारे १,२०० जण जिवंत बाहेर पडले. असाएल पुढे सोव्हिएत सैन्यात लढताना १९४५ मध्ये मारला गेला. तुवियाचे १९८७ मध्ये अमेरिकेत निधन झाले.

निर्मिती व प्रतिसाद
चित्रीकरण लिथुएनियात झाले. जेम्स न्यूटन हॉवर्ड यांच्या संगीतास ऑस्कर नामांकन मिळाले. शेवटची रणगाड्याविरुद्धची लढाई मात्र काल्पनिक आहे. मे १९४३ मध्ये नालिबोकी गावात सोव्हिएत गनिमांनी केलेल्या पोलिश नागरिकांच्या हत्याकांडात बिएल्स्की गटाचाही हात होता, असा आरोप पोलंडमध्ये झाला. तो सिद्ध झालेला नाही.