स्मार्टफोनची निवड आणि सॉफ्टवेअर अपडेट : ग्राहकांसाठी उपयुक्त माहिती

मनीमाजरा (चंडीगड) : स्मार्टफोन खरेदी करताना बहुतेक ग्राहक कॅमेरा, पडद्याचा आकार आणि किंमत या तीन गोष्टींकडे पाहतात. फोन किती वर्षे सुरक्षितपणे वापरता येईल, हे मात्र त्यातील सॉफ्टवेअरवर आणि ते सॉफ्टवेअर कंपनी किती काळ अद्ययावत ठेवणार यावर अवलंबून असते. बँकेचे व्यवहार, शिधापत्रिकेची नोंद, मुलांचा अभ्यास आणि सरकारी ओळखपत्रे आता फोनवर आली आहेत. त्यामुळे जुने, असुरक्षित सॉफ्टवेअर असलेला फोन वापरण्यातील धोकाही वाढला आहे.

चंडीगडच्या पूर्व टोकाला, हरियाणातील पंचकुला शहराला लागून असलेले मनीमाजरा हे या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे ठिकाण आहे. ल कार्बुझिए यांच्या आराखड्यानुसार वसलेल्या चंडीगडमध्ये १३ क्रमांकाचा सेक्टर नव्हता. २०२०मध्ये तो क्रमांक मनीमाजऱ्याला देण्यात आला. शेजारीच राजीव गांधी चंडीगड टेक्नॉलॉजी पार्क असून, २००५मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. काही किलोमीटरच्या परिसरात चंडीगड हा केंद्रशासित प्रदेश, हरियाणा आणि पंजाब अशा तीन प्रशासनांच्या हद्दी आहेत. राहायचे एका हद्दीत आणि फोन घ्यायचा दुसऱ्या हद्दीत, हा येथील नित्याचा प्रकार आहे. अशा वेळी तक्रार कोठे करावी, या प्रश्नाचे उत्तर पुढे दिले आहे.

५जी सेवेचा अनुभव

सॉफ्टवेअर अपडेटचे महत्त्व देशातील ग्राहकांना २०२२च्या अखेरीस प्रकर्षाने जाणवले. सुरुवातीला ५जी सेवा मिळणाऱ्या १३ शहरांची नावे दूरसंचार विभागाने २०२१च्या अखेरीस जाहीर केली होती. त्यात चंडीगडबरोबर महाराष्ट्रातील मुंबई आणि पुणे ही शहरे होती. १ ऑक्टोबर २०२२ रोजी नवी दिल्लीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते या सेवेचा प्रारंभ झाला. तथापि, ‘५जी’ असे खोक्यावर छापलेले अनेक महागडे फोन त्या दिवशी ही सेवा वापरू शकत नव्हते.

त्या फोनमध्ये आवश्यक चिप आणि अँटेना होते. परंतु भारतातील कंपन्यांच्या जाळ्यावर ५जी सुरू करण्याची परवानगी सॉफ्टवेअरमध्ये दिलेली नव्हती. दूरसंचार आणि इलेक्ट्रॉनिक्स या दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी ऑक्टोबर महिन्यातच फोन उत्पादकांशी चर्चा केली. त्यानंतर विविध कंपन्यांनी टप्प्याटप्प्याने अपडेट दिले. ॲपलने ही सोय डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या आयओएस १६.२ या आवृत्तीद्वारे सर्वांना उपलब्ध करून दिली. फोन तोच, चिपही तीच. केवळ सॉफ्टवेअर बदलल्याने त्याची क्षमता बदलली.

या प्रकरणातून एक व्यावहारिक धडा मिळतो. खोक्यावर ‘५जी’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. आपली दूरसंचार कंपनी ज्या लहरपट्ट्यांवर सेवा देते, त्या पट्ट्या फोनच्या माहितीपत्रकात आहेत काय, हे पाहावे. भारतात ‘एन७८’ ही पट्टी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. जिओच्या ग्राहकांनी ७०० मेगाहर्ट्झची ‘एन२८’ ही पट्टीही तपासावी, कारण कमी वारंवारतेच्या लहरी भिंतींच्या आत अधिक चांगल्या पोहोचतात.

अपडेट म्हणजे काय?

फोनला मिळणारे अपडेट साधारणपणे दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती. तिच्यात नव्या सोयी असतात आणि पडद्याची मांडणीही बदलू शकते. दुसरा प्रकार सुरक्षा अपडेटचा. त्यात दिसण्यासारखे काही नसते, पण सॉफ्टवेअरमध्ये आढळलेल्या त्रुटी दुरुस्त केलेल्या असतात. सामान्य ग्राहकासाठी दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे.

२०१५मध्ये अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची गंभीर त्रुटी उघडकीस आली. विशिष्ट प्रकारे तयार केलेला चित्रफितीचा संदेश पाठवून फोनमध्ये शिरकाव करणे तिच्यामुळे शक्य होते. त्यानंतर ऑगस्ट २०१५पासून गुगलने दर महिन्याला सुरक्षाविषयक दुरुस्त्या प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. मात्र गुगलने दुरुस्ती प्रसिद्ध केली म्हणजे ती लगेच प्रत्येक फोनवर पोहोचते असे नाही. आधी चिप बनविणारी कंपनी आणि मग फोन बनविणारी कंपनी ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवते. प्रत्येक टप्प्यावर चाचणी होते. स्वस्त फोनच्या बाबतीत ही साखळी अनेकदा मध्येच थांबते, कारण विकून झालेल्या फोनवर कंपनीला पुन्हा खर्च करावा लागतो. हा विलंब कमी व्हावा म्हणून गुगलने २०१७मध्ये अँड्रॉइड ८ या आवृत्तीपासून ऑपरेटिंग सिस्टीम आणि चिपशी संबंधित सॉफ्टवेअर यांची रचना वेगळी केली.

ॲपल फोन आणि सॉफ्टवेअर दोन्ही स्वतःच बनवत असल्याने तेथे ही साखळी आखूड आहे. सप्टेंबर २०१३मध्ये आलेल्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३मध्येही सुरक्षा अपडेट मिळाले होते. अँड्रॉइडच्या बाजूला गुगलने ऑक्टोबर २०२३मध्ये पिक्सेल ८साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४मध्ये गॅलेक्सी एस२४साठी सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले. एकाच कंपनीच्या महाग आणि स्वस्त फोनसाठी ही मुदत वेगवेगळी असू शकते, हे लक्षात ठेवावे.

मराठी वाचकांच्या दृष्टीने

मराठी वापरणाऱ्यांसाठी अपडेटचा आणखी एक उपयोग आहे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे तुटलेली दिसत किंवा अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येत. संपूर्ण फोन मराठीत वापरण्याची सोय गुगलने २०१४मधील अँड्रॉइड ५ या आवृत्तीत दिली. मराठीत नित्य लागणारा ‘ॲ’ हा स्वर युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत स्वतंत्र अक्षर म्हणून २००८मध्ये दाखल झाला. त्यामुळे त्याआधीच्या सॉफ्टवेअरला हे अक्षर ठाऊकच नव्हते.

भारतीय मानक ब्युरोच्या नियमांनुसार २०१८पासून देशात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये २२ अधिकृत भारतीय भाषा वाचण्याची सोय आवश्यक आहे. लिहिण्यासाठी इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एक भारतीय भाषा असावी लागते. ही तिसरी भाषा मराठीच असेल असे नाही. म्हणून दुकानात फोन पाहताना ‘दऱ्या’, ‘ॲप’, ‘ज्ञान’, ‘कृष्ण’ असे शब्द मराठी कळफलकावर लिहून पाहावेत. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तींसाठी फोन घेत असल्यास ही तपासणी अवश्य करावी.

अपडेटमुळे तोटा होतो काय?

अपडेट केल्यावर फोन मंद झाला, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. ती सर्वस्वी निराधार नाही. जुन्या बॅटरीच्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जात असल्याचे ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये मान्य केले. जीर्ण बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये, हा त्यामागील हेतू असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. परंतु ग्राहकांना ही बाब स्पष्टपणे सांगण्यात आली नव्हती. फ्रान्सने फेब्रुवारी २०२०मध्ये याबद्दल कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. त्यापूर्वी, ऑक्टोबर २०१८मध्ये, अपडेटमुळे फोनची कार्यक्षमता घटल्याच्या कारणावरून इटलीने ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोठावला होता. भारतात जानेवारी २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयओएस १८ अपडेटनंतरच्या तक्रारींवरून ॲपलला नोटीस पाठविल्याची माहिती केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी दिली.

असे असले तरी सुरक्षा अपडेट टाळणे हा त्यावरील उपाय नव्हे. नव्या आवृत्तीचे मोठे अपडेट आल्यास एक-दोन आठवडे थांबून इतरांचा अनुभव पाहावा. सुरक्षा अपडेट मात्र लगेच घ्यावे. त्याआधी छायाचित्रे, संपर्क आणि कागदपत्रांची प्रत अन्यत्र जतन करावी. बॅटरी किमान निम्मी भरलेली असावी आणि अंतर्गत साठ्यात पुरेशी जागा मोकळी असावी.

अपडेट नेहमी फोनच्या ‘सेटिंग्ज’मधूनच करावे. ‘फोन अपडेट करा’, ‘वाहतूक दंडाची पावती पाहा’ किंवा ‘लग्नपत्रिका उघडा’ असे सांगून व्हॉट्सॲपवर पाठविलेल्या एपीके प्रकारच्या फाइल उघडू नयेत. अशा फाइलमधून फोनचा ताबा घेऊन बँक खाती रिकामी केली जातात. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत माहिती मिळाल्यास रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

अपडेटची मुदत : किती वर्षे सुरक्षा अपडेट मिळणार, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. ही मुदत बहुधा तो फोन बाजारात प्रथम आल्याच्या दिवसापासून मोजली जाते, ग्राहकाने घेतल्याच्या दिवसापासून नव्हे. चार वर्षांची मुदत असलेला दोन वर्षे जुना फोन सवलतीत घेतल्यास हाती दोनच वर्षे उरतात.

किंमत आणि आयुष्य : १२ हजार रुपयांचा फोन दोन वर्षे सुरक्षित राहिला, तर वर्षाचा खर्च ६ हजार रुपये होतो. २० हजारांचा फोन पाच वर्षे चालला, तर तो ४ हजारांवर येतो. किमतींची तुलना अशा रीतीने करावी.

साठवण : ऑपरेटिंग सिस्टीमच बरीच जागा व्यापते. अनेक वर्षे वापर करायचा असल्यास १२८ जीबी साठवण आणि किमान ६ जीबी रॅम असणे सोयीचे ठरते.

बॅटरी आणि दुरुस्ती : लिथियम आयन बॅटरीची क्षमता वापरानुसार घटतच जाते. आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात अधिकृत दुरुस्ती केंद्र आहे काय, आणि बॅटरी व पडदा बदलण्याचा खर्च किती, हे आधीच विचारून घ्यावे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केले असून त्यावर सहभागी कंपन्यांची माहिती मिळते.

जुना फोन : वापरलेला फोन घेताना त्यावर *#०६# दाबून १५ अंकी आयएमईआय क्रमांक पाहावा. ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, त्यानंतर एक जागा सोडून तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठविल्यास फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे की नाही ते कळते. ही सोय मे २०२३मध्ये देशभर सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या पोर्टलवरही आहे. अँड्रॉइड फोनमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीखही पाहावी. ती वर्षभरापूर्वीची असल्यास असा फोन बँकेच्या कामासाठी घेऊ नये.

कायद्याचे संरक्षण

युरोपीय संघात २० जून २०२५पासून नवा नियम लागू झाला आहे. त्यानुसार एखाद्या प्रकारच्या फोनची विक्री उत्पादकाने थांबविल्यानंतर किमान पाच वर्षे त्याचे अपडेट उपलब्ध राहिले पाहिजेत. बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यानंतरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के क्षमता राखणे आवश्यक आहे. भारतात २०२५पर्यंत अपडेटच्या मुदतीची अशी सक्ती नव्हती. त्यामुळे कंपनीने दिलेल्या लेखी आश्वासनाला येथे अधिक महत्त्व येते. खरेदीच्या वेळी संकेतस्थळावरील त्या मजकुराची प्रत जतन करून ठेवावी.

२० जुलै २०२०पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. मनीमाजऱ्यातील रहिवाशाने पंचकुल्यातील दुकानातून किंवा इंटरनेटवरून फोन घेतला, तरी त्याला चंडीगडच्या आयोगाकडे जाता येते. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडच्या ग्राहकाने बेळगावात फोन घेतल्यास तोच नियम लागू होतो. त्याला कर्नाटकात हेलपाटे घालावे लागत नाहीत. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि तो इंटरनेटद्वारेही करता येतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदविल्यास अनेक प्रकरणे तेथेच मिटतात.

तक्रार टिकण्यासाठी आयएमईआय क्रमांक नोंदविलेले जीएसटीचे बिल, हमीपत्र आणि दुरुस्ती केंद्राने दिलेली प्रत्येक पावती आवश्यक असते. अपडेटनंतर बिघाड झाला असल्यास अपडेटची तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि पडद्याची छायाचित्रे लगेच नोंदवून ठेवावीत. दुरुस्ती केंद्रात तोंडी उत्तरावर समाधान न मानता बिघाडाचे कारण कागदावर लिहून घ्यावे. बाहेरच्या दुकानात फोन उघडून घेतल्यास कंपनी हमी नाकारू शकते; म्हणून हमीच्या मुदतीत प्रथम अधिकृत केंद्राकडेच जावे.

अपडेटची मुदत संपलेला फोन त्याच दिवशी निरुपयोगी होत नाही. गाणी ऐकणे, छायाचित्रे पाहणे किंवा साधे बोलणे यासाठी तो वापरता येतो. मात्र त्यातून बँकेचे आणि पैसे पाठविण्याचे ॲप काढून टाकावे. पूर्णपणे बाद झालेला फोन कचऱ्यात न टाकता, त्यातील सर्व माहिती पुसून, नोंदणीकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावा.